एका कानापुरतं

छत्रपती संभाजीनगर,
कोजागरीनंतरचा सोमवार

प्रिय बाना,

खिशात फोन असताना अण्णा पत्र का लिहितात, असं तुला वाटेल. पण तीन रविवार झाले, तुझा फोन नाही. आईच्या मोबाइलवर तेवढं कळवलंस, की कामाचा ताण आहे आणि दिवाळीला सुट्टी मिळेलसं वाटत नाही. मी फोन केला असता तर दोन वाक्यांनंतर तू "बरं अण्णा, ठेवते" म्हणाली असतीस. पत्र मधेच ठेवता येत नाही. ठेवलंस तरी ते तिथंच पडून वाट बघतं. शिवाय पिशोरच्या शाळेत गुरुजींनी आम्हाला लिहायला शिकवलं, बोलायला काही शिकवलं नाही. तेव्हा चहा कर आणि शेवटपर्यंत वाच.

आधी आनंदाची बातमी. तुझ्या आजीला कान आला. एकच आला, डावा, पण असा आलाय की घरात आम्हाला जपून बोलावं लागतंय. घटस्थापनेला घट बसवून, खंडोबापुढे दिवा लावून आम्ही तिघं रिक्षानं उस्मानपुऱ्यातल्या त्या कानाच्या मशीनच्या दुकानात गेलो. तिथल्या मुलीनं आजीला काचेच्या खोलीत बसवून तपासलं. दोन्ही कानांचे मिळून छत्तीस हजार सांगितले. मी पाटलाच्या थाटात तुझ्या बँकेचं क्रेडिट कार्ड पुढं केलं. मशीननं नाही म्हटलं. पुसून पुन्हा घातलं, पुन्हा नाही. ती मुलगी हळूच म्हणाली, "काका, लिमिट नाही याच्यात." मी म्हटलं, एक लाख वीस हजार आहे, दोन वर्षांत कधी बाकी ठेवलेली नाही. तिनं माझाच मोबाइल मागून घेतला आणि तीन दिवसांपूर्वी आलेला मेसेज दाखवला. आपल्या खात्याचा आढावा घेऊन मर्यादा वीस हजार करण्यात आली आहे, वगैरे. मी मेसेज वाचतच नाही गं. रोज कोणीतरी मला कर्ज द्यायला टपलेलं असतं. ज्यानं द्यायचं कमी केलं, नेमका त्याचाच वाचायचा राहिला.

आजीला यातलं काही ऐकू येत नव्हतं. ती मोठ्यानं विचारत होती, "काय म्हनती ती पोरगी? पास झाले का म्या?" तुझ्या आईनं तिच्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं, "कार्डात पैसे कमी हायेत." ते अख्ख्या दुकानाला ऐकू गेलं. माझी मान खाली. पण आजीनं जरा विचार केला आणि म्हणाली, "मंग एकच द्या म्हनावं. दोन्ही कानांनी ऐकावं असं कोन बोलतंय घरात?" दुकानातली माणसं हसली, ती मुलगी हसली, शेवटी मीही हसलो. एका कानाचे अठरा हजार. वीस हजारांत एक कान बसला.

मशीन लावल्यावर आजीनं पहिल्यांदा काय ऐकलं सांगू? स्वतःच्या बांगड्या. हात हलवून हलवून ऐकत बसली. घरी आल्यावर पंख्याचा आवाज ऐकून म्हणाली, "ह्यो असा रडतो व्हय रोज?" दुसऱ्या दिवशी तुझी आई चुलीपाशी नेहमीसारखी पुटपुटत होती, तर आजी बाहेरच्या खोलीतून म्हणाली, "सारजे, येवढं बोलतीस मला? दोन वर्सं म्या तुला मुकी समजत होते." तेव्हापासून तुझी आई आजीच्या उजव्या बाजूनं जाते-येते.

खरं सांगायचं तर दोन्ही कान आले असते. चूक माझी. पितृपक्षात तू फोन केला होतास, शुक्रवारी, दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत. तू कधी त्या वेळी फोन करत नाहीस. म्हणालीस, "अण्णा, आजीचं मशीन घेतलं का? आजच घ्या. कार्डावरच घ्या." एकदा नाही, तीनदा म्हणालीस. मी म्हटलं, पितरांचे दिवस आहेत, या दिवसांत नवी वस्तू घरात आणत नाहीत, घटस्थापनेला घेऊ. मग "बरं" म्हणालीस. मला वाटलं, शहरात राहून पोरीला पितर पटेनासे झाले. मनातल्या मनात जरा रागावलोसुद्धा.

दुकानातून परत येताना रिक्षा मंजुळाबाईंच्या खानावळीच्या जागेवरून गेली. आता तिथं मोबाइलची कव्हरं विकतात. तुला मी खानावळीचं कधी सांगितलं नसेल. आयटीआय करून मी वाळूजच्या कंपनीत लागलो तेव्हा अठरा वर्षांचाही नव्हतो. तेव्हा महिन्याला एक तरी नवी कंपनी उभी राहायची आणि खेड्यांतून पोरं यायची. मंजुळाबाईंकडे आम्ही तीसेक जण जेवायचो, सगळे उधारीवर. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. फळीवर प्रत्येकाचा एक डबा असायचा. जेवून हात धुतला की घागरीतला एक चिंचोका उचलायचा आणि आपल्या डब्यात टाकायचा. डबा काठोकाठ भरला की ताट बंद, पगार झाला की त्यांच्यासमोर मोजून रिकामा. डबा केवढा द्यायचा, ते मात्र बाई ठरवायच्या. जुन्या पर्मनंट माणसाला वनस्पती तुपाचा, माझ्यासारख्या नव्या पोराला दूध पावडरीचा. सगळ्यात मोठा, बिस्किटांचा चौकोनी पत्र्याचा, त्यांच्या सख्ख्या भावाचा, कारभारीचा. तो आमच्याच कंपनीत होता आणि डब्याकडे बोट दाखवून आम्हाला चिडवायचा, "तुमचं जेवान, माझी जहागीर."

चौऱ्याण्णवची ती संक्रांत. विद्यापीठाच्या नावाचा निर्णय होणार अशी बातमी होती. चौकाचौकात पोलीस, कंपनीची बस कधी यायची, कधी नाही. पंगतीत माझ्या डाव्या हाताला सोयगावचा धोंडिबा बसायचा. त्याच्या वडिलांनी त्या नावासाठी तुरुंग भोगला होता. उजव्या हाताला कारभारी, त्याला ते नाव नको होतं. दोघं एकमेकांशी बोलायचे नाहीत, भाकरी मागायची तरी माझ्या तोंडून मागायचे. अशातच एका दुपारी जेवायला गेलो तर फळीवरचे डबे बदललेले. सगळ्यांना दंतमंजनाचे बारके डबे. मूठभर चिंचोके मावतील एवढेच. कुणाला आधी सांगणं नाही, विचारणं नाही. मंजुळाबाई पळी हातात घेऊन मधोमध उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "डाळ हाय तेवढीच हाय. बस कवा बंद पडंल आन पगार कवा व्हईल, ठावं नाय. मोठ्या डब्यावाला पोटभर खाईल आन बारक्या डब्यावाल्याला रिकामं पातेलं दिसंल. त्यापरीस समद्यांचा डबा सारखा."

कारभारी ताटावरून उठला. "म्या सख्खा भाऊ हाय तुझा." त्या म्हणाल्या, "म्हनून तर तुझा डबा पयला बदलला." त्यानं आपला जुना पत्र्याचा डबा बगलेत मारला आणि निघून गेला. चार दिवस आला नाही. त्या चार दिवसांत बाई स्वतः ताटावर बसल्या नाहीत आणि आम्ही करपलेल्या भाकरी खाल्ल्या. दारात सावली आली की त्यांची मान वर व्हायची. धोंडिबा मला म्हणाला, "बाईनं डबा भावाचा कापला, पन उपास सोताला घातला बघ." ते वाक्य मी विसरलो होतो. रिक्षात आठवलं.

पाचव्या दिवशी संक्रांत. निर्णय झाल्याची बातमी आली, आणि दुपारी कारभारी दारात उभा. बगलेत तोच पत्र्याचा डबा, आत तिळगूळ. बहिणीपुढं धरला आणि म्हणाला, "घे. आन भात वाढ, भूक लागली." मग डबा पंगतीत फिरवला. धोंडिबापुढं येऊन हात जरा थांबला, मग त्यानं डबा पुढं केला. धोंडिबानं सरळ दोन मुठी घेतल्या. कारभारी म्हणाला, "आरं, चिंचोके नायत ते." पंगत हसली. त्या दिवशीची भाकरी काही करपली नाही.

आता कागद का घेतला ते सांगतो. गौरीला आली होतीस तेव्हा तू म्हणालीस, की कुणाची मर्यादा वाढवायची, कुणाची कमी करायची, त्या याद्या तुझ्या टेबलावरून जातात. पितृपक्षातला तुझा फोन कशासाठी होता, ते मला रिक्षात बसल्यावर कळलं. यादीत तुझ्या बापाचं नाव होतं. तुला ते सांगता येत नव्हतं, आणि खोडायचं तू मनात आणलं नाहीस. बाना, तू ते खोडलं असतंस तर मला दोन कान मिळाले असते, पण खंडोबापुढं उभं राहताना मला जड गेलं असतं. लपवालपवी खरं तर माझ्याकडून झाली. आखाडापासून आमची दुसरी पाळी बंद आहे, ओव्हरटाइम नाही, रविवारी मी घरीच असतो. तुला फोनवर "कामावर आहे" सांगत होतो. खात्यात पगार कमी जमा होऊ लागला, तसं तुझ्या कॉम्प्युटरला ते आधी कळलं, आणि त्याच्याकडून तुला कळलं. ते तुला जास्त लागलं असेल, म्हणून मला माफ कर. तुझी बँक म्हणजे मंजुळाबाई नव्हे, ते मला समजतं. ती कुणाला भाकरी वाढत नाही. जमलं तर साहेबांना एवढं सांग, की डबा बदलायच्या आधी पंधरा दिवस माणसाला कळवत जा. पण तू स्वतःला उपास घालू नकोस. ज्याचा डबा लहान झाला त्यानं आधी यावं, हे मी कारभारीकडून शिकलो, म्हणून हा मी आलो. आजी तीन रविवार कानात मशीन घालून फोनापाशी बसते आहे. काल मला म्हणाली, "दोन वर्सं पोरगी फोनात बोलायची आन म्या नुस्तं व्हय व्हय करायचे, एक अक्षर ऐकू आलं नाय. आता घरी ये म्हनावं तिला, आन पयल्यापासनं सांग." तेव्हा दिवाळीला ये आणि पहिल्यापासून सांग. तिच्या डाव्या बाजूची जागा आम्ही मोकळी ठेवली आहे.

तुझाच,
बारक्या डब्याचा,
अण्णा