माणूस वगळून

१९ सप्टेंबर

— हाही डाग खोडला. आता पहाट स्वच्छ आहे. लोरिकीट पोपटांचा कल्ला खूप संथ केला की समुद्रासारखा ऐकू येतो. त्यावर मायनर पाखरांची शीळ, लांब, पत्र्यासारखी. यात माणूस नको. लॉक्लन माझी ध्वनिमुद्रणं प्रसिद्ध करतो. तो फोनवर तेच म्हणाला, 'बाई, लोक हे लावून झोपतात. कुणी खोकलं तरी जागे होतील!'

मी ऐकून खोडत नाही, बघून खोडते. संगणकाच्या पडद्यावर आवाजाचं चित्र उमटतं: पाखराचा म्हणजे नखाचा ओरखडा. माणसाचा म्हणजे शिडी, पायरीवर पायरी. शिडी दिसली की खोडायची. मूळ फाइल ठेवत नाही. ठेवली की पुन्हा पुन्हा हात लावावासा वाटतो.

२१ सप्टेंबर

शेजारच्या डॅरलने कुंपणावरून हाक मारली. 'काय पाखरूबाई, आज काय पकडलंस?' सायकलवरून येत होता. हेल्मेटवर प्लास्टिकच्या पट्ट्या उभ्या खोचलेल्या — पिल्लांच्या या दिवसांत मॅग्पाय पक्षी येणाऱ्याजाणाऱ्याच्या डोक्यावर झडप घालतो. साळिंदर दिसत होता.

'हसू नकोस! पोस्टमनला सोडतो तुझा लाडका, मलाच धरतो.'

मग यंत्र आणून माझं गवत कापून दिलं. न मागता. त्याची बायको रोवीना कपडे वाळत घालत होती. हेल्मेटला ती हसली नाही.

२२ सप्टेंबर

लोरिकीट. दुसरं काही नाही.

२६ सप्टेंबर

मॅग्पायचा एक तुकडा संथ करत होते. गाण्याच्या मध्येच एक उंच सूर, मग घसरत जाणारा. पुन्हा तेच. पुन्हा. पडद्यावर ओरखडाच दिसत होता, म्हणून माझ्या हातून सुटला. वेग पहिल्यासारखा केला.

'डॅरल, पुरे.'

रोवीनाचा आवाज. पाखराच्या गळ्यातून आलेला, पण तिचाच. शेवटाला किंचित चिरकणारा.

मॅग्पाय माणसाच्या आवाजाची नक्कल करतो, पण एकदा ऐकून शिकत नाही. त्याला रोज ऐकावं लागतं.

हेडफोन काढून बसले. आजवर किती शिड्या खोडल्या!

२७ सप्टेंबर

तो तुकडा लॉक्लनला पाठवायच्या रचनेत ठेवला आहे. संथ केल्यावर त्यातले शब्द कुणाला कळणार नाहीत. अख्ख्या रचनेत तोच सर्वांत सुंदर आहे. हे फक्त इथे लिहिते.

२९ सप्टेंबर

डॅरल कामावर गेल्यावर कुंपणाशी गेले. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. 'रो, बरी आहेस ना?'

'तू विचारतेस? तुला तर सगळं ठाऊक.'

तिने माझ्या माइककडे बोट दाखवलं.

'रोज पहाटे तुझा माइक आमच्या भिंतीकडे तोंड करून असतो. म्हणून तर मी त्याचं नाव घेते. मोठ्याने. टेपवर नाव हवं ना, नाहीतर कोण कुणाला म्हणतंय ते कसं कळणार?' तिने शर्टाला चिमटा लावला. 'गेल्या आठवड्यात त्याला सांगून टाकलं. शेजारी सगळं टेप झालंय म्हटलं, आता हात लावून बघ! तेव्हापासून गाय झालाय नुसता. मी कोर्टात जाणार आहे गं. त्याला घराबाहेर काढायचा हुकूम मागणार. देशील ना ते?'

'हो,' म्हणाले.

हो!

३० सप्टेंबर

सगळ्या डिस्क उघडून पाहिल्या. काही नाही. लॉक्लनला विचारलं. 'तू पाठवलंस तेवढंच माझ्याकडे. एकदम स्वच्छ. का गं?'

२ ऑक्टोबर

दोनदा कुंपणापर्यंत जाऊन परत आले. जी टेप नाही तिला तो भितो आहे. भिऊ दे. तिला आजच सांगायची काय गरज? — अशी मी स्वतःची समजूत घालते आहे.

४ ऑक्टोबर

दुपारी डॅरल दारात. हातात बिअरचे दोन कॅन. 'इतकी वर्षं शेजारी राहून तुझं गाणं ऐकलं नाही. लाज वाटते बघ. ऐकव की.'

नाही म्हटलं असतं तर त्याला काय वाटलं असतं? लावून दिलं. डोळे मिटून त्याने शेवटपर्यंत ऐकलं. मी त्याच्या हातांकडे बघत होते. एका ठिकाणी त्याने बोट वर केलं. 'हे काय? हे फार गोड आहे.'

'मॅग्पाय.'

'तो हलकट? असा गातो?'

हेडफोन जपून खाली ठेवले. 'आणि आधीचं? कच्चं?'

'कच्चं मी ठेवत नाही.' सवयीने बोलून गेले. सगळ्यांना सांगते तसं. जरा अभिमानानेच.

'काहीच नाही ठेवत?'

मी हेडफोनची वायर गुंडाळत राहिले. तेवढं त्याला पुरलं.

'माणसाचा आवाजच नाही गं यात,' म्हणाला. 'शांत वाटलं.' एक कॅन माझ्यासाठी ठेवून गेला.

दिवस मावळायच्या आत पलीकडे काहीतरी जड पडलं. गेले, दार बडवत राहिले. रोवीना बाहेर आली, ओठ फुटलेला. मागून डॅरल हसत, 'ने, ने तिला. चहा पाज चांगला.'

तिला घरी आणून बसवलं. पोलिसांना फोन करते म्हटलं. 'टेप घेऊनच जाऊ ना,' ती म्हणाली. तेव्हा सांगितलं. सगळं. मॅग्पायचंही.

'मग तू सांग. तू ऐकलंस ना?'

'ऐकलं नाही, रो. पडद्यावर बघून खोडलं.'

ओठावरचा बर्फ वितळून तिच्या मांडीवर ठिबकत होता. म्हणाली, 'म्हणजे माझं ऐकलं ते फक्त पाखराने.'

आता सोफ्यावर पडली आहे. भिंतीकडे तोंड करून.

५ ऑक्टोबर

सकाळी उठले तर ती परत गेलेली. पोलीस बोलावले. दोघीजणी आल्या. रोवीनाने दार उघडलं आणि सगळं ठीक आहे म्हणाली. इतकं हळू, की त्यांना पुन्हा विचारावं लागलं.