मावशी अज्ञात कशी?

गुरुवार, रात्र

डोकं अजून तापलेलंच आहे. वेबसाइटवरच्या परीक्षणासाठी आलेला, निवांत चिलआउट संगीताचा अल्बम दुपारी ऐकत होतो. बेस खोल, सिंथ सुरेख. तिसऱ्या ट्रॅकमध्ये एक बाई गाऊ लागली आणि मी हेडफोन घट्ट दाबून धरला. ही तर सुमनमावशी! मागच्या वर्षी हा संगीतकार शाहपूरला तिच्या घरी येऊन, पोहे खाऊन, तिची गाणी रेकॉर्ड करून गेला होता. गाता गाता ती सुनेला म्हणाली, "गॅस बंद कर गं, दूध उतू जातंय." तेही त्याने घेतलंय, घुमवून घुमवून. आणि कव्हरवर काय? 'अज्ञात आदिवासी स्त्रीचा प्राचीन मंत्र'. दुधाचा मंत्र!

संध्याकाळी शाहपूरला जाऊन मावशीला ऐकवलं. दुधापाशी ती खळखळून हसली. मग कव्हर हातात घेऊन म्हणाली, "अन् माझं नाव कुठं लिहिलंय रे?"

परतल्यावर संपादकाला फोन करून हे सगळं सांगितलं. तो म्हणतो, "अरे यार, वो छोड ना! तू म्युझिकवर लिही." म्युझिकवरच तर लिहितोय! ते गाणं तिच्याच आवाजावर उभं आहे. अज्ञात म्हणे! तिच्या घरी पोहे खाताना त्या संगीतकाराची नाव विचारायला जीभ झडली होती का?

संपादक तिचं नाव छापणार नाही म्हणाला. नको छापू. परीक्षण आत्ताच माझ्या ब्लॉगवर टाकलं. संगीताची स्तुती केलीय, खोटं कशाला बोलू? पण पहिली ओळ अशी आहे: गायिका, सुमन पाटील, शाहपूर.