हलकं केलेलं चाक

प्रिय भाऊ,

रोज फोनवर बोलणारी बहीण पत्र का पाठवते म्हणून आधी हसशील. तुझे हितेंद्र दाजी कामासाठी जळगावला येताहेत, त्यांच्याच हाती देते आहे. तू शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्याशिवाय वर्कशॉपमधून उठायचं नाही, असं मी त्यांना सांगितलंय. ते आपले चहा पीत बसतील. तू वाच.

फोनवर सांगायचा प्रयत्न मी केला. काल केला, परवाही केला. दोन्ही वेळा तू फोन स्पीकरवर टाकलास, मागून आईचा आवाज आला आणि मी उन्हाबद्दल विचारून मोकळी झाले. आईच्या डोळ्यात थेंब वेळेवर घालता ना? ऑपरेशन झाल्यापासून तिला भिंतीवरच्या मुंग्या दिसायला लागल्यात म्हणे. ती ते इतक्या आनंदाने सांगत होती, की माझ्या तोंडून दुसरं काही निघालंच नाही.

हल्ली मला कशाचीही भीती वाटते. खाली रस्त्यावर कुणी गाडी जोरात रेस केली तरी मी खिडकीपासून मागे सरकते. इथे धुळ्याच्या हॉस्पिटलात बरोबरच्या नर्सना वाटतं, मला झोप कमी पडते. तूच मला गाडी शिकवलीस, असोद्याच्या रस्त्यावर, समोरून केळीचे ट्रक येत असताना. क्लच पायाने नाही, कानाने सोडायचा, असं तू म्हणायचास. तेव्हा मी एकदाही घाबरले नव्हते. बाजूला तू बसलेला असायचास, म्हणून.

गेल्या वर्षी तू आपल्या आणि तुझ्या मित्राच्या, अर्पितच्या, गाडीत तो बाहेरचा कडक क्लच बसवलास, तेव्हाही मला काही वाटलं नाही. पॅडल जड झालं होतं, धुळ्याहून जळगावपर्यंत मी चालवली तर माझी पोटरी दुखून आली, पण गाडी कशी सुटायची! धुळीच्या मैदानावरच्या शर्यतीत तू आणि अर्पित पाठोपाठ आलात आणि त्याच्या वडिलांनी, मिश्रीलालजींनी, कापडाचं दुकान सोडून पहिल्यांदाच मुलाची शर्यत पाहिली. क्लच नवा होता, पण त्याच्या मागचं फ्लायव्हील कंपनीचंच होतं, जड. तूच मला समजावलं होतंस, की इंजिनामागे फिरणारं ते चाक गाडीचा दम धरून ठेवतं, क्लच घासून तापला की ती उष्णताही तेच पोटात घेतं. मला त्यातलं फारसं कळलं नव्हतं. तू बोलताना खूश दिसत होतास, म्हणून ऐकत होते.

मग तुला ते चाक जड वाटायला लागलं. इंजिन पटकन चढायला हवं, चाक हलकं हवं. आपल्या मॉडेलचं तयार पोलादी चाक मिळेना, तेव्हा तू कंपनीचंच बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं, चाक लेथवर लावलंस आणि मागून कातून काढलंस. एक तुझ्या गाडीसाठी, एक अर्पितच्या. मी त्या दिवशी डबा घेऊन आले होते. तू ते मला हातात धरायला दिलंस आणि म्हणालास, बघ, भाकरीच्या तव्यासारखं झालंय. तू आणि अर्पित दोघंही दिवाळीतल्या मुलांसारखे हसत होता. मीही हसले.

त्यानंतर आपण मावशीकडे पहूरला गेलो, ते आठवतं? सिग्नलला गाडी दोनदा बंद पडली. तू म्हणालास, चाक हलकं झालं की असं होतंच, सवय होईल. पुढे मोकळा रस्ता लागल्यावर तू इंजिन ताणलंस आणि माझ्या तळपायांना खालून मुंग्या आल्यासारखं झालं. एखादं जनावर पत्र्याखाली धापा टाकतंय तसं. मागे बसलेल्या आईने आपल्या माहेरच्या अहिराणीत विचारलंसुद्धा, “पोऱ्या, हाई गाडी का बरं थरथर करस?” तू म्हणालास, “आई, ती आता रेसची गाडी आहे.” मी पाय उचलून सीटवर घेतले होते. तुला ते दिसलं नाही, बरं झालं, नाहीतर आयुष्यभर चिडवलं असतंस.

आता त्या शर्यतीच्या रविवारचं सांगते. फोनवर मी फक्त अपघात झाला, पायाला लागलंय, एवढंच म्हटलं होतं. तू आईच्या ऑपरेशनमुळे येऊ शकला नव्हतास, म्हणून अर्पितने मला मुद्दाम बोलावलं होतं. आपलं कुणीतरी दोरीपाशी उभं पाहिजे म्हणाला. शेवटच्या वळणानंतरचा सरळ पट्टा, तिथे मी उभी होते. अर्पितची गाडी आली, इंजिनाचा आवाज चढत गेला, आणि मग गिअर बदलताना असा आवाज झाला, की मला वाटलं कुठेतरी टाकी फुटली. बॉनेट वर उडालं. गाडी तशीच घसरत पुढे गेली आणि धुळीत उभी राहिली. लोकांना वाटलं इंजिन गेलं. मी धावले, कारण अर्पित दार उघडत नव्हता.

गाडीच्या तळाला भोक पडलं होतं, भाऊ. चाकाचा तुकडा गिअरबॉक्सचं कवच फोडून, पत्रा फाडून वर आला होता. अर्पितचा डावा पाय क्लचवर होता. मी ओढणीने मांडी आवळून बांधली. हात आपोआप चालले, रोजचंच काम. तो मला सारखं म्हणत होता, “ताई, बूट काढा ना, बूट फार टोचतोय.” तिथे बूट नव्हता. बूट होता, तो मागच्या सीटजवळ पडला होता, आणि मी तो त्याला दिसू नये म्हणून पायाने लोटला.

पाय वाचला नाही. गुडघ्याच्या खालून काढावा लागला. हे मी तुला आज पहिल्यांदा सांगते आहे, कारण हे तुला कुणीही सांगू नये असं त्यानेच सगळ्यांना बजावलंय. मिश्रीलालजी रोज येतात, खुर्चीवर बसतात आणि इंदूरच्या त्या दुकानदाराला शिव्या देतात. कारण अर्पितने त्यांना सांगितलंय, की तुझं चाक त्याने महिन्यापूर्वीच काढून ठेवलं आणि इंदूरहून मागवलेलं बसवलं. तुलाही त्याने फोनवर तेच सांगितलं. मी तेव्हा त्याच्या उशाशी उभी होते. तुझा आवाज मला ऐकू येत होता. तू म्हणालास, “अरे, बाहेरचा माल कशाला घेतलास? माझ्या गाडीतलं बघ, मी स्वतः कातलेलं, मस्त चाललंय.” अर्पित हसला. फोन ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिला.

दुसऱ्या दिवशी ड्रेसिंग करताना मी त्याला विचारलं, इंदूरचं दुकान कोणतं? त्याने माझा ड्रेसिंगचा हात धरला. मग म्हणाला, “पुनमताई, शपथ घ्या, कुणाला सांगणार नाही म्हणून. प्रेमभाऊला कळलं तर तो परत लेथला हात लावणार नाही.” मी शपथ घेतली. त्याच्या चेहऱ्याकडे पाहून कुणीही घेतली असती. आणि घरी येऊन जेवायला बसले, तोच तुझा फोन. तू सांगत होतास, की रविवारी अर्पितला भेटायला येतोय, आईलाही आणतोय, आणि बसने कशाला, गाडी काय शोभेला ठेवलीय? मी म्हटलं, बसने या. तू म्हणालास, वेडी आहेस का. हायवेला तासात पोचतो.

भाऊ, इंदूरहून कुठलंही चाक आलं नव्हतं. अर्पितच्या गाडीत फुटलं ते तू कातलेलंच होतं. इथल्या एका इंजिनिअरने तुकडे पाहिले. बीड कातून पातळ झालेलं, वरून तो कडक क्लच आवळणार, घासून तापवणार, आधी बारीक चिरा पडल्या असतील म्हणाला. त्याचं जोडीचं चाक तुझ्या गाडीत आहे, आणि त्या गाडीत मागच्या सीटवर आई बसणार आहे. म्हणून हे पत्र. किल्ली हितेंद्रांच्या हातात दे. गाडी जिथे उभी आहे तिथून हलवूसुद्धा नकोस, गेटपर्यंतही नाही. तुला आता काय वाटत असेल ते मला कळतं, आणि त्या वेळी मी तिथे नाही याचं वाईट वाटतं. पण तू तुझ्या हाताला दोष देत घरात बसून राहू नकोस. अर्पित खोटं बोलला ते तू त्याच्यापासून तुटू नयेस म्हणून. शपथ मोडली म्हणून तो माझ्याशी बोलणार नाही कदाचित. चालेल मला. रविवारी धुळ्याच्या स्टँडवर तू आईचा हात धरून बसमधून उतरताना दिसलास, की मग तुम्ही दोघं मला काय म्हणायचं ते म्हणा.

तुझीच, वाट पाहणारी,
पुनम