ओव्हर होऊ द्या

तात्या, आज नळदुर्गच्या ढाब्यावर मी एका अनोळखी माणसाच्या अंगावर ओरडलो. तुम्ही असतात तर मला बाजूला घेऊन विचारलं असतंत, की लेका, पन्नाशीच्या माणसाला एवढं काय झालं. म्हणून सांगतो. उमरग्याच्या दोन शाळांना पुस्तकांच्या नमुना प्रती दाखवून परत निघालो होतो आणि एसटी जेवायला थांबली होती. मी अजून पुस्तकांच्याच पिशव्या वागवतो, फक्त तुमच्यासारखा एका जागी बसून नाही, गावोगाव फिरून. ढाब्यात भिंतीवर टीव्ही होता, त्यावर मॅच, आणि आपली पोरं पाठलाग करत होती. शेजारच्या बाजेवर दोघे ट्रकवाले होते. त्यातला वयस्कर माणूस गुडघ्यावर हात टेकून उठायला लागला, तसं दुसऱ्यानं त्याला धरून खाली बसवलं. म्हणाला, "बसा की मामा. तुमी बसल्यापासनं एक बी विकेट पडली न्हाय. ओव्हर होऊ द्या." आजूबाजूचे हसले. मला काय झालं कळलं नाही. ताट ढकलून मी मोठ्यानं म्हणालो, "उठू द्या त्यांना. आत्ताच्या आत्ता उठू द्या." तो मामा बिचारा म्हणाला, "अवो, हात धुयाला चाललो हुतो." मग मीच उठलो आणि बसमध्ये जाऊन बसलो. तुळजापूर येईपर्यंत मांडीवर पुस्तक उघडं होतं, पण पान एकच होतं.

तुम्हाला जाऊन तेवीस वर्षं झाली. एसटीच्या पाट्यांवर आता उस्मानाबादच्या जागी धाराशिव लिहिलेलं असतं, आणि मी आणि आई इथंच राहतो. परंड्याचं आपलं घर भाड्यानं दिलंय. तिकडच्या वाचनालयात मात्र मी वर्षातून दोनदा जातो, कारण ती माझ्या फिरतीतली जागा आहे. तुमच्या खुर्चीवरची नवीन ग्रंथपाल मुलगी हुशार आहे, चहा पाजते, पुस्तकं घासाघीस न करता घेते. तुम्ही रंगवलेली 'शांतता राखा' ही पाटी अजून भिंतीवर आहे. तिच्या बरोबर खाली, देवघेवीच्या टेबलाच्या खणात, तुम्ही ट्रान्झिस्टर लपवला होता हे मी तिला सांगितलं नाही. आवाज इतका बारीक ठेवायचात, की तुमच्याशिवाय कुणाला काही ऐकू येत नसे. तुम्ही पुस्तकांवर शिक्के मारत बसायचात आणि मध्येच एक हात वर करायचात. चार बोटं म्हणजे चौकार, सहा झाले तर दोन्ही हात, आणि मूठ आवळली की विकेट. गावातली शहाणीसुरती माणसं, वकील, निवृत्त मास्तर, मोंढ्यातले धान्याचे आडते, वर्तमानपत्र तोंडासमोर धरून त्याच्या आडून तुमच्या बोटांकडं बघायची. एकाही माणसानं कधी टाळी वाजवली नाही. मी पुढं कितीतरी मैदानं पाहिली, हजारो माणसं एकदम ओरडताना ऐकली, पण त्या खोलीत चार बोटं वर झाल्यावर जो आनंद व्हायचा तसा परत झाला नाही.

आणि तुमचा तो नियम. जोडी जमली, की ज्यानं त्यानं आहे तिथंच बसायचं. जो खिडकीत उभा असेल तो खिडकीतच राहणार, ज्यानं पाय लांब केले असतील त्यानं ते आखडायचे नाहीत. एवढं वाचलेला माणूस, घरात देवपूजासुद्धा आईवर सोडलेली, पण मॅच लागली की तुमच्यासारखा अंधश्रद्धाळू जिल्ह्यात शोधून सापडला नसता. मी नऊ-दहा वर्षांचा असताना एकदा तहान लागली म्हणून माठाकडं गेलो आणि तेवढ्यात तुमची मूठ आवळली. तुम्ही मारलं नाहीत, रागावलातही नाही. तुमच्या धावफलकाच्या वहीत 'बाद कसा' असा एक रकाना असायचा. त्यात सगळ्यांपुढं झेल, त्रिफळा असं काही ना काही लिहिलेलं, आणि त्या एका नावापुढं तुम्ही सुवाच्य अक्षरात लिहिलंत, 'पोरगं पाण्याला उठलं'. मग ती वही संध्याकाळी त्या सगळ्या मोठ्या माणसांत फिरली आणि सगळे पोट धरून हसले. तुम्हाला ती गंमत वाटली असेल. मी मात्र त्यानंतर किती वर्षं जीभ टाळूला चिकटली तरी मॅचमधून उठलो नाही. नियम तुमचा होता, पण पाळणारा तुमच्यापेक्षा कडक निघाला, हे तुमच्या लक्षात आलं होतं का?

दहावीनंतर तुम्ही मला तो नकाशांचा मोठा ग्रंथ दिलात. वाचनालयातून रद्द केलेला, पाठ उसवलेली, तुम्ही स्वतः खळ लावून बांधलेला. आत लाल पेन्सिलीनं गोल काढलेले होते. नागपूर, कलकत्ता, मद्रास, आणि पुढच्या पानांवर लाहोर, शारजा, पार खाली मेलबर्न. जिथल्या जिथल्या मॅच तुम्ही रेडिओवर ऐकल्या होत्या ती सगळी गावं. तुम्ही स्वतः कुर्डुवाडीच्या पुढं फारसे गेला नव्हतात, पण कुठल्या मैदानावर दुपारनंतर वारा कुठून सुटतो ते सांगायचात. मला म्हणालात, "तू जाऊन ये आणि मला येऊन सांग." तात्या, मी त्यातल्या अकरा गोलांवर जाऊन आलोय. कामाच्या निमित्तानं गेलो, रजा काढून गेलो, एकदा तर आईला शिर्डीला जातो सांगून नागपूरला गेलो. पण मैदानात मला बसवत नाही. आपली जोडी जमली, की मी उठून जिन्यात जाऊन उभा राहतो आणि मागचे लोक शिव्या देतात. परत आल्यावर सांगायचं कुणाला, हा तर प्रश्नच आहे. मी त्या त्या गोलावर फक्त एक बारीक फुली मारतो आणि ग्रंथ परत कपाटात ठेवतो.

आता त्या दिवसाचं लिहितो. ढाब्यापासून हेच लिहायचं होतं आणि मी मैदानं, नकाशे करत बसलो. रविवारची दुपार आहे. वाचनालय बंद, घरात नवीन घेतलेला रंगीत टीव्ही. आई स्वयंपाकघरात धपाटे करतीय. तुम्ही जेवायला म्हणून स्वयंपाकघराच्या दारात पाटावर बसलात, कारण तिथून टीव्ही दिसतो, आणि पहिला घास घेतलात तेवढ्यात चौकार बसला. मग पुढच्या ओव्हरला अजून एक. झालं, तुमची जागा ठरली. पाठीला टेका नाही, चुलीची धग पाठीवर, मांडीवर वही, पण तुम्ही हलायला तयार नाही. जेवण तसंच अर्धं राहिलं. थोड्या वेळानं तुम्ही आईला म्हणालात की छातीत जळजळतंय. ती म्हणाली ठेचा जास्त झाला असेल, आणि तिनं सोडा घालून पाणी दिलं, आडवं व्हा म्हणाली. तुम्ही ते प्यायलात. मग माझ्याकडं बघून म्हणालात, "जरा आडवं व्हावं म्हणतो." मी तेव्हा सत्तावीस वर्षांचा घोडा होतो. नोकरीला लागलेला, चार बुकं वाचलेला. मी काय म्हणालो ते मला आवाजासकट आठवतंय. मी म्हणालो, "ओव्हर होऊ द्या की तात्या. आता उठलात तर जातंय समदं."

आणि तुम्ही हसलात. मला वाटतं तुम्हाला बरंही वाटलं असावं, की पोरगं शिकलं. ओव्हर झाली. दुसरी झाली. जोडी खेळतच होती. तुमचा एक हात वहीवर आणि दुसरा छातीवर होता, हे मला दिसत होतं. दिसत नव्हतं असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगून पाहिलं, पण दिसत होतं. चौथ्या का पाचव्या ओव्हरला तुम्ही हळूच विचारलंत, "उठू का रे?"

तुम्ही आयुष्यात कुणाची परवानगी मागितली नव्हती. आजोबांची नाही, वाचनालयाच्या कमिटीच्या अध्यक्षाची तर नाहीच. त्या दिवशी तुम्ही माझी मागितली, आणि मी टीव्हीवरची नजरसुद्धा काढली नाही. नुसता हात वर केला. थांबा, म्हणून. आपल्या वाचनालयात बोलायचं नसे, हातानंच सांगायचं असे, तसा. तुम्ही थांबलात. पुढचे सात चेंडू तुम्ही लिहिलेत, मी नंतर वहीत मोजले. अक्षर उजवीकडं उतरत गेलंय, पण एकही चेंडू चुकलेला नाही. आठव्याला पेन पडलं आणि तुम्ही दाराच्या चौकटीला टेकलात. आईनं हातातलं उलथनं टाकलं. शेजाऱ्यांच्या जीपमधून बार्शीला नेलं, मी मागं तुमचं डोकं मांडीवर घेऊन बसलो होतो. तिथल्या डॉक्टरांनी तपासलं आणि मला बाहेर बोलावून विचारलं, की त्रास कधीपासून होत होता. मी म्हणालो, आत्ताच. ते म्हणाले, अर्धा तास आधी आणायला पाहिजे होतं. चांगला माणूस होता, खांद्यावर हात ठेवून बोलला. मी परत म्हणालो, आत्ताच सुरू झालं.

आईला मी हे सांगितलं नाही. ती सोड्याचं पाणी करून मागं परसात धपाट्याला लागेल म्हणून हरभऱ्याची पानं खुडायला गेली होती, त्यामुळं तुमचं माझं बोलणं तिनं ऐकलंच नाही. ती परत आली तेव्हा तुम्ही बसलेले होतात, एवढंच तिनं पाहिलं. सुतकातल्या दहा दिवसांत जे जे भेटायला आले, त्या प्रत्येकाला तिनं एकच सांगितलं, की छातीत दुखत होतं तरी मॅच सोडून उठले नाहीत, कुणाचं ऐकणारा माणूसच नव्हता. मी शेजारी बसून ऐकत होतो. तेव्हा वाटलं, पुढं कधी सांगू, आत्ता तिला झेपायचं नाही. मग ते राहून गेलं, आणि राहून गेलेलं हळूहळू खरं होऊन बसलं. आता आई शहात्तर वर्षांची आहे. गेल्या महिन्यात माझी मुलगी पुण्याहून आली होती. ती टीव्हीसमोर मॅच बघत बसली तर आई तिला म्हणाली, "नगं लई नादी लागूस. तुझा आज्जा ह्याच्यापायीच गेला. म्या सोडा देऊन आडवं व्हा म्हन्ले हुते, पर उठला न्हाय. हट्टी मानूस." मुलगी हसली, तिला वाटलं आजी चेष्टा करतीय. आई चेष्टा करत नव्हती. तेवीस वर्षं ती तुमच्यावर रागावून आहे, तात्या. तुमच्या फोटोला हार घालतानासुद्धा तिच्या तोंडावर तो राग असतो. एवढ्याशा खेळापायी तुम्ही तिला टाकून गेलात, असं तिला वाटतं. आणि तुम्ही उठायला निघाला होतात, दोनदा निघाला होतात, हे माहीत असलेला जगात एकटा मी आहे.

आज बसमधून उतरताना ठरवलं होतं, की घरी गेलो की पहिल्यांदा तिला सांगायचं. त्या ट्रकवाल्याला उठू द्या म्हणून ओरडायला तोंड आहे, तर आईपुढं का नाही. घरी आलो तर ती शेंगा फोडत बसली होती. मी समोर बसलो, दोन-चार शेंगा फोडल्या. तिनं विचारलं, जेवण झालं का. मी झालं म्हणालो. मग आत येऊन कपाटातून तुमची शेवटची वही काढली आणि हे लिहायला बसलो. मघाशी ती दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, "काय लिवतूस एवढं? बापावानीच मान वाकडी करून बसलाय." मी म्हणालो काही नाही, कामाचं आहे. मला वाटलं आता ती काही विचारेल आणि मी सांगून टाकेन. पण ती परत शेंगांकडं गेली. आत्ता ती बाहेर बसलीय, फोडल्याचा आवाज येतोय. दहा पावलंही नसतील. म्हणून तुम्हाला लिहितोय, तात्या, कारण तुम्ही काही म्हणू शकत नाही.

हे कागद मी तुमच्या वहीतच ठेवणार आहे, त्या शेवटच्या पानात. त्या पानावर दोन नाबाद खेळाडू आहेत आणि 'बाद कसा'चा रकाना त्यांच्यापुढं कोरा आहे. तो मी भरलेला नाही, पण तिथं काय लिहायचं ते मला माहीत आहे. तुम्हाला उचललं तेव्हा टीव्ही चालूच होता. खांद्याखाली माझे हात होते, पायाकडं आई होती, आणि तुम्हाला पाटावरून उचलून आपण उंबरा ओलांडत असताना मागून तो सगळ्या मैदानाचा गप्प होण्याचा आवाज आला. विकेट पडली होती. तात्या, तुमचं डोकं माझ्या छातीवर टेकलेलं होतं, आणि मला तुमचा राग आला. उठलात म्हणून.