रक्त न चालणारा देव

म्हसा, माघ, सन १९३८

राणीसाहेबांस महिपतचा दंडवत.

तुमी हिमालयातून येऊन आमच्या लेण्यातल्या देवाचा शेंदूर स्वतःच्या नखांनी खरवडलात. हा बुद्ध आहे, याला रक्त चालत नाय, म्हणालात. रोजच्या दिव्याला तेलाची सोय केलीत आणि तिथं कोंबडा कापू न देण्याचं वचन माझ्याकडून घेतलंत.

दिवाळीनंतर माझ्या शकूला देवी आल्या. बायको नवसाचा कोंबडा घेऊन लेण्यापाशी आली. मी वाट अडवून उभा राहिलो. नवव्या दिवशी पोर गेली.

दिवा जळतो का, असं तुमी पत्रात विचारलंत. जळतो, एवढंच कार्डावर लिहून धाडीन. हा कागद चुलीत जाईल.

कोंबडा अजून आहे. रोज पहाटे आरवतो, आणि बायको माझ्याकडे बघते.

तुमच्या दिव्याचा राखणदार,
महिपत