धारवाल्याचा प्रश्न

ता. ५ जानेवारी १९५४
जामच्या बाजाराला जीप नेली. दर खेपेचा नेम. उपदेशकाला बाजारात सोडायचं, त्याचं होईपर्यंत नाक्यावर कुणाची लॉरी बंद पडली असेल तर ती पाहायची. गॅरेजवाल्याची सेवा अशीच.
सध्या उपदेशक प्रभाकर. तिशीचा. आवाज असा की मडकी विकणारी भाव सांगायची थांबते. आज गर्दीतून एकानं विचारलं, "मास्तर, दारुड्याले माफी हाय का?" प्र.नं असं उत्तर दिलं की दोन बाया डोळे पुसत गेल्या.
आबासाहेब, आमच्या चर्चचे पाळक, उन्हाळ्यात पायउतार होणार. त्यांच्या जागी प्र. की माझा साळा सुमंत, हे पंचांनी ठरवायचं. पंच पाच, आबासाहेब धरून. त्यातला मी एक.

ता. ७
तळेगावचा बाजार. तोच प्रश्न. आवाजही तोच.
वीस वर्षं इंजिनं ऐकतोय. बॉनेट न उघडता सांगतो कोणता सिलिंडर चुकतोय. माणसाचा आवाज त्यापेक्षा सोपा. प्रश्नाच्या आधी सहाणेचं चाक थांबलं, उत्तर झाल्यावर फिरायला लागलं. विळे-चाकूंना धार लावणारा गुलाब. बाजार उठल्यावर प्र.नं त्याला भजी-चहा दिला. पेरलेला माणूस.
घरी रूथला सांगितलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "अन् सुमंतनं असा माणूस ठेवला असता तं तुमाले ऐकू आलं असतं का?"
सुमंत तिचाच भाऊ. तरी विचारते.

रविवार, ता. १०
आबासाहेबांचं प्रवचन. या माणसानं आयुष्यात कुणाला फसवलं नाही. प्रवचनात झोप येते तीही प्रामाणिक.
बाहेर हळूच म्हणाले, "जीवनराव, मन कुणाकडं?"
म्हटलं, पाहतो अजून.
हुकमाचं पान खिशात असलं की माणूस किती नम्र होतो. दिवसभर छान वाटलं.

ता. १२
जाम. आज लॉरी सोडून गर्दीतच उभा राहिलो, गुलाबला रंगेहाथ धरायचं म्हणून.
चाक थांबलं. पण प्रश्न दुसराच. "मास्तर, ज्यानं सख्ख्या भावाले फसवलं, त्याले माफी हाय का?"
आवाज कोरडा. मागच्या दोन्ही वेळी असा नव्हता.
प्र. म्हणाला, "आहे, भाऊ. बाटली फोड आणि ये." पुढे सगळं तेच, बायकोचे हाल, उपाशी लेकरं. पाठ केलेलं उत्तर. प्रश्न बदललाय हे त्याच्या कानातच शिरलं नाही. गर्दीच्याही नाही. बाया रडल्या.
गुलाब खाली बघत राहिला. बराच वेळ चाक फिरलं नाही.
जवळ जाऊन बसलो. म्हटलं, "काऊन रे, आज प्रश्न बदलला?"
"पह्यले भज्यासाठी इचारत होतो. रोज रोज इचारून वाटलं, आपलंबी एक इचारून पाहावं."
"मंग? भेटलं उत्तर?"
"दारुड्याचं भेटलं."
दोघंही हसलो. मग त्यानं सांगितलं. आष्टीकडचं गाव, थोरला भाऊ अडाणी. वाटणीच्या कागदावर यानं त्याचा अंगठा घेतला, लिहिलं भलतंच. आठ वर्षं झाली. गावात पाय नाही.
"तुमी तं पंच. तुमीच सांगा. हाय का?"
म्हटलं, "हाय."
माझ्याकडे पाहिलं. "इचार करून सांगतलं, का उठायची घाई हाय?"
मी आलो होतो कशाला आणि बसलो होतो कुठे. जीपकडे निघालो.

ता. १३
प्र.ला गॅरेजवर बोलावून सरळ विचारलं. तोही सरळच बोलला.
"ठेवलाय, दादा. लोक थांबतात. थांबले तर ऐकतात. आबासाहेब खरं तेच बोलतात, आणि बाजारात त्यांच्यासमोर दोन शेळ्या असतात."
हे खोटं नाही. शेळ्या मीही पाहिल्यात.
"अन् पाळकाची जागा?"
"हवी आहे. तुम्हाला सुमंतसाठी नको आहे का?"
पाना हातात होता, तो पुसत बसलो. मग काल गुलाबनं खरोखर काय विचारलं ते सांगितलं. प्र.चा चेहरा उतरला. पकडला गेला म्हणून नाही, तो तर आधीच पकडला गेला होता. "मला ऐकूच आलं नाही," म्हणाला. दोनदा.

ता. १४
तळेगाव. प्र. रंगात आलेला, माणसं दाटलेली. मधेच थांबला. खाली उतरून गुलाबजवळ मातीत बसला. लोक थोडा वेळ उभे राहिले, मग कांद्याकडे वळले. मी पाहतोय म्हणून गेला असेल का? ऐन गर्दी सोडून? ठरवता येईना.
गुलाबला विचारलं तर म्हणतो, "काऊन आला ते मले काय करायचं? आला ना."
"काय म्हणाला?"
"पह्यले भावाच्या दारात जाऊन उभा राह्य म्हने. माफीचं मंग बोलू. म्या म्हनलं, एकट्याचा पाय उचलत नाई."

ता. १६
प्र. सकाळी गॅरेजवर. सोबत गुलाब, डोक्यावर टोपी, हजामत केलेली. दोघं मोटारीनं तळेगाव, तिथून पायी भावाच्या गावी.
म्हटलं, उद्या पंचांची बैठक आहे, तू समोर पाहिजे.
"माहीत आहे. पोचलो तर पोचलो. कुठे गेलो ते सांगू नका."
न सांगण्यात डाव म्हणावा, तर माहीत असलेला मी एकटा, आणि त्याच्यासमोर उभा आहे तो माझाच साळा. असा डाव मी तरी खेळलो नसतो.

रविवार, ता. १७
भक्ती झाल्यावर बैठक. प्र. नाही. सुमंत कडक इस्त्रीचा कोट घालून वेळेच्या आधी हजर. चांगला मुलगा आहे. बाजारात मात्र कधी गेला नाही, धूळ सोसत नाही म्हणतो.
एक पंच म्हणाले, "जागा ज्याले पाहिजे तोच नाई. काय समजायचं?" दोघं सुमंतकडे झुकलेले, एक प्र.कडे, आबासाहेब माझ्या तोंडाकडे.
"जीवनराव?"
गप्प बसलो असतो तर सुमंतचं झालं होतं. सांगितलं असतं तर प्र.चं झालं असतं. पण त्यानं नको म्हटलेलं. म्हटलं, "तो कामाला गेलाय. कसलं ते तो आल्यावर विचारा. माझं मत पुढच्या रविवारी."
सुमंतनं माझ्याकडे पाहिलं नाही. आबासाहेबांनी वही मिटली.
गुलाबचा भाऊ दारात उभं करतो की काठी घेतो, अजून निरोप नाही. आता जीप काढतो, तळेगावपर्यंत जाऊन दोघांची वाट पाहतो. हे पहिलं कारण. दुसरं, सुमंत आज आमच्याकडे जेवायला थांबलाय.