पुष्पाची पाळी आणि माझे टाइमटेबल

१४ एप्रिल १९९४
घर पूर्ण. वडीगोद्रीत रोडला लागून स्लॅबचे घर बांधणारा आमच्या भावकीत मीच पहिला. काकासाहेब गुरुजींनी वास्तुशांतीला ४ मे काढून दिली. सकाळी नऊचा मुहूर्त. पूजेला जोडप्याने बसायचे. पुष्पा म्हणाली, तारीख धरायच्या आधी मला इचारायचं व्हतं. मी म्हणालो, तुला पंचांगातले काय कळते? ती हसली. का हसली, ते कळले नाही.

१५ एप्रिल
घोटाळा लक्षात आला. पुष्पाची पाळी नेमकी ४ मेला. हे तिने सांगितले नाही, मी काढले. अंबडच्या एसटी स्टँडवर मी कंट्रोलर आहे, टाइमटेबल रक्तात आहे. वर्षभर ती ज्या ज्या दिवशी बाजूला बसली, ते दिवस कॅलेंडरवर टिपलेत. त्यातून एक शास्त्रीय शोधही लागला. परतूरहून तुळजाआत्या आली, की त्याच दिवशी पुष्पा बाजूला. पापडांच्या वेळी तेच, कुरडयांच्या वेळी तेच, लोणच्याच्या वेळीही तेच. आत्या वास्तुशांतीला येणार, म्हणजे ४ मेला. निसर्ग इतका वक्तशीर असतो, आणि आमच्या गाड्या!

१७ एप्रिल
उपाय सापडला. पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या. लग्न असो, पूजा असो, घरोघर चालतात. शिवाय एखादी गोष्ट लेट करणे, यात माझा हात कोण धरणार?
स्टँडसमोरच्या गयासोद्दीनच्या मेडिकलवर गेलो. त्याने गोळ्या दिल्या नाहीत. म्हणाला, रामकिसनभाऊ, हे काय फुटाने हाईत का? भाभींना डॉक्टरबाईकडं न्या, चिठ्ठी आना, मंग देतो. वर म्हणतो, भाभींना मागल्या साली कावीळ झाल्ती ना? मी म्हणालो, कावीळ डोळ्यात होते, तिचा इथे काय संबंध? तो म्हणाला, हेच डॉक्टरबाईला इचारा. धंदा कसा करावा, हे या माणसाला शेवटपर्यंत कळणार नाही.

१८ एप्रिल
कंडक्टर कचरूकडे त्याच्या बहिणीच्या लग्नातली एक अख्खी स्ट्रिप उरली होती. फुकट दिली. मागची तारीख पुसली गेली आहे. म्हणजे मुदत संपल्याचा काही पुरावा नाही.

१९ एप्रिल
जबाबदार माणसाने आधी स्वतःवर प्रयोग करावा. एक गोळी घेतली. दिवसभर वाट पाहिली. पाळी आली नाही. गोळी उत्तम.

२० एप्रिल
स्वतःवरचा प्रयोग सांगून पुष्पाला स्ट्रिप दिली. तिने उलटसुलट करून पाहिली. म्हणाली, कधीपासून घ्यायच्या, दिवसातून किती, कवा बंद करायच्या? मी म्हणालो, घाई नको, मी टाइमटेबल लावतो. ती म्हणाली, मी उद्या अंबडला चालले, ब्लाऊज शिवायला टाकायचंय. जा म्हणालो. बायांना अशा वेळीसुद्धा ब्लाऊज सुचतो.

१ मे
गोळ्या सुरू. सकाळ, दुपार, संध्याकाळ. पुष्पाने गोळ्या एका डबीत काढून ठेवल्यात. मी घड्याळ लावून समोर उभा राहतो, ती गिळते. दुपारी ड्यूटीवर असतो, पण मी असलो काय, नसलो काय, शिस्त लागलेली आहे. कंपनीनेही काळजी घेतलेली दिसते. गोळीने तोंडाला चांगला थंडगार वास येतो.

२ मे
स्टँडवर मला आता विचारायला लोक येऊ लागले. तिघांना मार्गदर्शन केले. गयासोद्दीन समोरून पाहत होता. जळतो.
पुष्पा एकदम ठणठणीत. चेहऱ्यावर तेज. अधूनमधून एकटीच हसते. हा औषधाचाच परिणाम असावा.

३ मे
मंडप पडला. दोनशे पानांची तयारी. अजून काहीही नाही! पुष्पाला म्हणालो, पाहिलेस, गाडी कशी स्टँडबाहेर उभी करून ठेवली? ती म्हणाली, लई भारी ड्रायव्हर हाव तुमी.

४ मे, सकाळी ८
नवे धोतर. पुष्पा नव्या ब्लाऊजात. गुरुजी आले. आत्याची परतूर गाडी साडेआठची. ती अकराच्या आत कधी आलेली नाही. तोवर पूजा आटोपते. म्हणजे निसर्गालाही चकवले.

४ मे, दुपारी
परतूर गाडी साडेआठला आली. माझ्या नोकरीत पहिल्यांदा. आत्या उतरली ती पेढ्यांचा पुडा नाचवत. आरं रामकिसन, मच्छिंद्राला पोरगा झाला रं! मच्छिंद्र माझा सख्खा चुलत भाऊ. गुरुजींनी हातातला नारळ खाली ठेवला. म्हणाले, सोयर लागलं. भावकीत लेकरू जन्मलं, दहा दिस पूजेला बसता येत न्हाई. मी म्हणालो, आपण ऐकलेच नाही असे धरू. गुरुजी म्हणाले, दोनशे मानसांनी ऐकलं. मी म्हणालो, गाडी लेट असती तर? गुरुजी म्हणाले, मंग चाललं असतं.
मंडपातून पुष्पाच्या हसण्याचा आवाज आला. तिच्याकडून पूजेला काही अडचण नव्हती. अडचण माझ्याकडूनच निघाली.
गयासोद्दीन जेवायला आला होता. पेढा खाऊन म्हणाला, भावकीतलं बाळंतपन ढकलायची गोळी निघाली की पह्यली तुमाला, बिगर चिठ्ठीची.

४ मे, संध्याकाळी
पुष्पाला म्हणालो, काही झाले तरी गोळ्यांनी काम केले. ती म्हणाली, कोन्त्या गोळ्या? डबी उघडून दाखवली. पेपरमिंट.
ब्लाऊज टाकायला गेली, तेव्हाच ती स्ट्रिप घेऊन डॉक्टर सत्यशीलाबाईंकडे गेली होती. बाईंनी आधी पोट तपासले, रक्त तपासले. म्हणाल्या, मागल्या साली कावीळ झालीय, लिव्हर अजून पुरतं सुधरलं न्हाई. ही गोळी तुमच्यासाठी न्हाई. दुसरी कोनी घेतली तर तपासून, आमाला इचारून, पाळीच्या तीन दिस आधी सुरू करायची. पोटुशी बाईनं तर न्हाईच. आन दुसऱ्याची उरलेली कोनीच न्हाई. स्ट्रिप त्यांनी ठेवून घेतली. एक गोळी कमी कशी, असे त्यांनी विचारले. पुष्पाने सांगितले. बाई बराच वेळ खुर्चीत हसून हलत होत्या म्हणे.
मी म्हणालो, पण पाळी आज येणार होती ना? ती म्हणाली, माझी तारीख बावीस-तेवीसच्या आसपास असती, पन एरवी मी बाजूला बसतच न्हाई. मी म्हणालो, मग आत्या येते त्या दिवशी? ती म्हणाली, आव, तुमची आत्या आली की दहा किलोचे पापड लाटून घेती. कंबर धरती माझी. बाजूला बसलं की आराम.
वर्षभराचे टाइमटेबल. सगळे आत्याचे निघाले.
मागल्या साली तिचे डोळे हळदीसारखे झाले होते. उशाशी मीच बसायचो. गयासोद्दीनने आठवण दिली, तरी माझ्या डोक्यात कसे शिरले नाही?

५ मे
नवी तारीख १५ मे. गुरुजींनी पुष्पाला विचारून काढली. मला कळवली.
दोनशे पानांसाठी आणलेल्या उडदाच्या डाळीतली बरीच उरली आहे. आत्या म्हणाली, पापडच करून टाकू. पुष्पा तडक उठून बाजूला बसली. आत्या म्हणाली, माझे गुडघे गेलेत, रामकिसन, तूच लाट. मी पुष्पाकडे पाहिले. तिची तारीख बावीसची, एवढे बोललो असतो तर सुटलो असतो. पोळपाट पुढे ओढला.
पहिला पापड पोळपाटाला चिकटला. दुसराही. अंगणातून पुष्पाने लांबूनच एक पेपरमिंट माझ्याकडे टाकली आणि माझेच घड्याळ हातात धरून, मी गिळेपर्यंत पाहत राहिली.